फरशी

तिसऱ्या दिवशी चिखल ओळखीचा झाला.
कुठे घोट्यापर्यंत घेईल, कुठे कमरेपर्यंत,
पाऊल टाकण्याआधी कळू लागलं.
उजवा बूट त्यानं ठेवून घेतला. मी मागितला नाही.

रात्री सायप्रसच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधून घेतलं स्वतःला.
बेडकांचा एवढा गलका,
की माझी हाक मलाच ऐकू येईना.
लुइझियाना पोलिसांचं हेलिकॉप्टर दोनदा वरून गेलं.
मला दिसलं. मी नाही दिसलो.

अल्सीड आला, तो मला शोधायला नव्हे,
क्रॉफिशचे पिंजरे उचलायला.
आधी शिवी हासडली. मग पाणी दिलं.
मग पुन्हा शिवी, जरा हळू.

आता होमा गावात, आमच्याच घरी,
मार्लीन म्हणते, ये ना आत.
मी दारात.
स्वयंपाकघराची फरशी
एका अंगठ्यानं
चाचपून बघतोय.