काळी चार

मनोरमाबाईंची सालं मला विचारू नका.
मी पायपेटी वाजवायचो, मला पट्ट्या आठवतात.

गिरगावात पहिला नाइट, तेव्हा काळी चार.
मूळ नायिकेला गोवर निघालेला
आणि ही काणकोणची पोर
दुसरीच्या मापाची चोळी
मागून अकरा टाचण्यांनी आवळून उभी.
दुसऱ्या अंकातल्या पदाला श्वास घेतला
तेव्हा दोन टाचण्या सुटल्या. मी ऐकल्या.
तीन वन्समोर. तिसऱ्याला तिनं
शेवटची तान मुद्दाम अर्ध्यावर सोडली,
उरलेली लोकांनी मनातल्या मनात पुरी केली.
सतराव्या वर्षी हे कुणी शिकवत नाही.

माइक नव्हता. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत
शेंगा खाणारा एक माणूस, एवढंच तिचं माप.
त्याचा हात पुडीत थांबला की आवाज पोचला.

मग परळचा स्टुडिओ.
प्लायवुडचा महाल, ओल्या रंगाचा वास,
जिन्याखाली मी, फेटा बांधून.
पेटी दिसायला हवी होती, वाजायला नको,
म्हणून भात्याचे पट्टे काढून घेतले.
"ओठ हलवा बाई," दिग्दर्शक म्हणाला, "गाणं तयार आहे."
होतंच तयार. दुसऱ्या कुणाचं, काळी पाचातलं,
खडीसाखरेसारखं स्वच्छ.

बाई जिना उतरत गायला लागल्या. मोठ्यानं.
आपली पट्टी सोडून वर चढून,
कर्ण्याच्या वरताण.
"ओठ खोटे हलतात रे, गळ्याची शीर हलत नाही."
चार दिवस, सव्वीस टेक,
आणि त्यातला एक सूरही कशावर उतरला नाही.
वर माचाणावर लाइटवाले.
त्यातला एक, पांडू की पुंडलिक,
दिवा फिरवायचं विसरला आणि शिव्या खाल्ल्या.
त्या गाण्याचं परीक्षण म्हणाल तर तेवढंच.

सिनेमा पंचवीस आठवडे चालला.
चौतिसाव्या वर्षी बाई हीरोची आई झाल्या.
हीरो दोन वर्षांनी मोठा.
शेजारशेजारच्या आरशांत
त्याचे केस काळे होत, हिचे पांढरे.

नाटक मात्र सुटलं नाही. पांढरी पाच. मग काळी तीन.
खाली उतरलो असं त्या कधी बोलल्या नाहीत.
विंगेत जाताना माझ्या पेटीवर
नुसतं एक बोट ठेवायच्या: आज इथे.
एका वर्षी ते बोट पांढरी चारवर आलं
आणि थोडा वेळ तिथेच राहिलं.

परवा दादरला सत्कार झाला.
पडद्यावर तोच जिना, तेच गाणं,
आणि सगळा हॉल उभा, डोळे पुसत.
बाईंनी माइक हातात घेतला.
"छान गायलीय हो," म्हणाल्या,
आणि नाव सांगितलं. कुसुम गणेश जठार.
तबकडीवर ते छापलेलं नव्हतं.
टाळ्या जराशा गोंधळल्या.
मला वाटलं, आता सव्वीस टेकांचं सांगतील.
नाही सांगितलं. हार जड होतोय, काढा म्हणाल्या.

नंतर कुणीतरी त्यांची चाकाची खुर्ची
माझ्या रांगेपाशी आणून लावली.
ओळखलं की नाही, देव जाणे.
माझ्या गुडघ्यावर त्यांनी एक बोट ठेवलं.

गुडघ्याला काय कळणार काळी की पांढरी.
पण खाली, चपलेत,
माझा पाय भाता मारायला लागला होता.