शेवटचा रकाना

चिमणबागेत सकाळी सात.
त्रेसष्ट पोरं, प्रत्येकाला तीन षटकं.
फॉर्मवर शेवटचा रकाना: पुढे किती?
दहापैकी आकडा टाका, खाली सही.

शेजारच्या खुर्चीत शिरवळकर.
कव्हर ड्राइव्ह दिसला की त्यांची मान डोलते,
समेवर यावी तशी.
मी आधी बूट बघतो.
पायाला सैल असले तर वाढ बाकी आहे.
मग कुंपणाबाहेर स्कूटरला टेकलेला बाप शोधतो,
त्याची उंची मनात मोजतो.
जन्मदाखला बघतो, नंतर वरचा ओठ.
दोन्ही जुळलं तर बॅटीकडे येतो.

हुशारी नाही ही, धसका आहे.
सत्त्याण्णव साली दिघ्यांच्या मुकुलला मी नऊ दिले.
चौदाव्या वर्षी तो पुरता घडलेला,
खांदे, मनगटं, सगळं.
गोलंदाज तेवढे लहान होते.
दोन वर्षांत ते वाढले.
आता सियागंजात त्याचं सुतळीचं होलसेल दुकान.
भेटला की चहा पाजतो,
क्रिकेटचा विषय काढत नाही.
त्याच सकाळी मी ज्याला चार दिले
तो काटकुळा झैद मन्सूरी
अकरा हंगाम राज्याकडून सलामीला गेला.
कुठेही दिसला तरी वाकून नमस्कार करतो.
ते जास्त लागतं.

एक्केचाळीस नंबर. ओजस दुराफे.
देवासहून पहाटेच्या बसने, एकटाच.
बाप नाही मोजायला.
बूट दोन नंबर मोठे, म्हणजे वाढेल.
पहिले तीन चेंडू चुकला.
चौथा यष्टीला केसभर चुकवून गेला.
अशा वेळी पोरं खेळपट्टीवर राग काढतात,
नसलेला खडा बॅटीने ठोकतात.
हा मागे वळला,
कीपरच्या हातात चेंडू कुठे बसला ते पाहिलं,
छातीशी की गुडघ्याशी,
आणि पुढच्या चेंडूला
क्रीजच्या अर्धं पाऊल बाहेर उभा राहिला.

तोही चुकला.

"काय भिया, याला तीन?" शिरवळकर.
मी पेन्सिलला टोक काढत बसतो.
या रकान्यात शाई वापरणं
कधीच सोडलंय.
बेचाळीस नंबरचा ड्राइव्ह सुटतो,
शिरवळकरांची मान डोलते.
मी सात लिहितो, खोडतो,
पुन्हा सातच लिहितो, जरा बारीक,
आणि खात्री करायला मान वर करतो,
तर तो जाळीमागे गवतात बसून
बूट काढतोय,
त्रेचाळीस नंबरला देतोय.