खोकत चालायचं

पाटगावच्या वर, सड्याकडं जाताना
धाकू झोरे सारखा खोकत होता.
आम्हाला वाटलं, विडी.
दिग्विजयनं खडीसाखर पुढं केली.
तो हसला. अर्धाच.
उरलेला अर्धा चेहरा
तेवीस वर्षांमागं करवंदीच्या जाळीत राहिलाय.

"मी गप चाललो हुतो, ते गप खात हुतं.
दोघंबी दचकलो. एवढंच.
तोंड वारुळात घातलं की तेला काय ऐकू येतंय?
डोळ्यानं बी अधू.
माणूस येतंय, हे माणसानंच सांगाया नको?"

रात्री तंबूतनं सगळं बाहेर काढायला लावलं:
काकवीची बाटली, केळी, आईच्या गूळपोळ्या,
दिग्विजयची वासाची टूथपेस्टसुद्धा.
पोत्यात बांधून लांब,
बारक्या फांदीच्या टोकाला टांगलं.

"पळायचं न्हाई.
झाडावर तर न्हाईच, ते तुज्या आधी चढंल.
अंगावर आलंच, तर पालथं पडायचं,
मानंवर दोन्ही हात.
तोंड मातीला द्यायचं, तेला न्हाई."
हे सांगताना त्याचा हात
गालावरून कधी फिरला, त्यालाही कळलं नसावं.

पहाटे, तंबूपासून तीसेक पावलांवर
उकरलेलं वारूळ.
ओली लाल माती, तीत नख्यांच्या रेघा.
धाकू वाकून बराच वेळ बघत राहिला,
मग दिग्विजयकडं वळून म्हणाला,
"घोरलास, बरं झालं."

आता गंगावेशीत लाईट गेली
की जिना चढण्याआधी मी खोकतो.
वरच्या मजल्यावरनं पाटणकर काकू विचारतात,
"अजून गेला न्हाई व्हय रे खोकला?"