बटणांचा हिशेब

गुरुवारी दुपारी दुसरीची सहा मुलं माझ्याकडे येतात
बाह्या कोपरापर्यंत सरकवून,
हात धुतल्याचा पुरावा म्हणून ओले तळवे पुढे करत.
ग्रिम्सबीचं आभाळ खिडकीला टेकलेलं असतं,
गोदीवरचा खारा वारा
फटीतून येऊन पिठाच्या डब्यात डोकावतो.

वेळापत्रकात विषयाचं नाव लांबलचक आहे.
मुलं म्हणतात, आज शेव्हीबाईंचा तास.
शेवडे म्हणायला मी शिकवलं नाही,
त्याहून निकडीचं बरंच होतं.

वाटाणे सोलून झाले, निम्मे जमिनीवर.
बोथट सुरीने केळं कापून झालं.
सुईत दोरा ओवण्यात एक अख्खा गुरुवार गेला.
लोकरीची जाड सुई, नेढं दारासारखं उघडं,
तरी ओस्कार जीभ बाहेर काढून म्हणाला,
"हे भोक हलतंय."

कराडला मी होम सायन्सला होते तेव्हा
मामा विचारायचे, पोळ्या लाटायला डिग्री कशाला?
उत्तर द्यायचं राहून गेलं, मामाही गेले.
इथे तसं कुणी विचारत नाही.
इथे कितीतरी घरांत लाटणंच नाही,
स्कोन आम्ही दुधाच्या रिकाम्या बाटलीने लाटले.

आज घरखर्च.
प्रत्येकाला वीस बटणं,
धर्मादाय दुकानातून बरणीभर आणलेली,
कुणाकुणाच्या उतरवून ठेवलेल्या शर्टांची.
"ही तुमची आठवड्याची कमाई," मी म्हटलं,
"आणि या वाट्या. जेवण. भाडं. कपडे. मजा.
आणि ही शिल्लक."
शिल्लकेच्या वाटीला मी रात्री बसून
सोनेरी कागद चिकटवला होता.

रीसने वीसच्या वीस मजेत ओतली.
मिलेनाने कुत्र्यासाठी वेगळी वाटी मागितली.
तिच्याकडे कुत्रा नाही.
चार भोकांचं बटण दोन भोकांच्या दुप्पट, असं ओस्कारने जाहीर केलं
आणि बाजारात दंगल उसळली.

टेगन मात्र मोजत होती,
ओठ न हलवता.
"मिस, मीटरची वाटी कुठाय?"
कसला मीटर, मी विचारलं.
तिने माझ्याकडे पाहिलं,
जरा हळू समजणाऱ्या मुलाकडे मी पाहते तसं.
"चावीचा. दुकानात जाऊन चावी भरायची.
थंडीत नऊ. उन्हाळ्यात चार चालतात.
पण आधी तो, मिस. नाहीतर बाकीचं अंधारात."

कंपासपेटीच्या झाकणात तिने नऊ बटणं ठेवली.
भाड्यात सात. जेवणात चार.
मग सोनेरी वाटी उचलली, आत बघितलं,
आणि ती उलटी करून
जेवणाच्या वाटीवर झाकली.
"माश्या बसतात," ती म्हणाली.

अंथरूण पाहून पाय पसरावे,
हे मी वहीत तांबड्या शाईने लिहिलं होतं एकोणिसाव्या वर्षी.
अंथरुणालाच आधी ऊब विकत घ्यावी लागते,
याचा रकाना त्या वहीत नव्हता.

तेवढ्यात सगळ्यांनाच मीटर हवा झाला.
रीस मजेतून एकेक बटण काढत होता,
दात काढल्यासारखा.

तास संपल्यावर फॉर्म भरायचा असतो:
उद्दिष्ट साध्य झाले / अंशतः / नाही.
मी पेन उघडलं, मिटलं,
बटणं मोजायला घेतली.
एकशे एकोणीस.
टेबलाखाली पाहिलं. वाटाण्यांतला एक, सुकलेला, सापडला.

सोमवारी सकाळी खुंट्यांवर कोट टांगताना
टेगनच्या निळ्या कोटाला
गळ्याशी एक तपकिरी बटण दिसलं.
हिरव्या लोकरीने शिवलेलं,
वर गाठींचा एवढा मोठा गुंता
की कोट फाटला असता, बटण सुटलं नसतं.

वहीत मी तिच्या नावापुढे लिहिलं: शिवण, येते.
गाठ आतल्या बाजूने मारायची असते,
ते पुढच्या गुरुवारी.