वरची ओळ

पहाटे दोनला डेल्मरची पिकअप दारात,
एक दिवा चालू, एक गेलेला.
व्हर्लीन स्टिडमनं उशीखालचं पाकीट काढलं,
एकशे वीस डॉलर पुन्हा मोजले
आणि शेगडी बंद आहे ना, ते दोनदा पाहिलं.
लेक्सिंग्टन तीन तासांवर.
तिथं दातांचं कॉलेज आहे,
शिकाऊ हात निम्म्या पैशात काम करतात.

पूर्ण पैसे म्हणजे किती, ते मिठाच्या बरणीखाली आहे,
गावातल्या डॉक्टरच्या अक्षरात:
चार हजार सहाशे.
घराचं छप्पर याहून स्वस्तात झालं होतं.

वसंतभर ती फोन करत होती.
सरकारी विम्यात गुडघा बसतो, मोतीबिंदू बसतो,
दात बसत नाहीत.
"तोंड शरीरात धरत नाहीत का हो?"
पलीकडची बाई म्हणाली, "काय म्हणालात?"
ती पुन्हा म्हणाली. पुन्हा.
दाताच्या कण्या करणं म्हणतात ते हेच,
फक्त कण्या करायलाही तिच्याकडे पुरेसे नव्हते.

चर्चचं शिबिर वर्षातून एक शनिवार, तो होऊन गेलेला.
काउंटीचा दवाखाना फक्त मुलांसाठी.
एकतीस वर्षं तिनं शाळेत मुलांना जेवण वाढलं,
त्यामुळे तेही तिला पटलंच.

सात वाजता रांगेत ती अकरावी.
पुढे एक म्हातारा, जबड्याला रुमाल बांधलेला.
मागे दोघी बहिणी, एकच कवळी
आळीपाळीनं वापरतो असं सांगून हसणाऱ्या.
खरं की गंमत, कुणी विचारलं नाही.

तिच्या वाट्याला आला लँडन प्रॅटर, तिसरं वर्ष,
हातमोज्यातूनही घाम कळावा इतका भ्यालेला.
"जवळचं माणूस?" फॉर्म भरताना त्यानं विचारलं.
सवयीनं तिच्या तोंडून गेलं.
त्यानं वरच्या ओळीत लिहिलं: हॅडियस.

थ ला दात लागतात.
जीभ पुढे येते, तिला तिथं उंबरठा हवा असतो,
तो नसला की नुसता वारा.
चार वर्षं ती गेलेल्या नवऱ्याला अशीच हाक मारते आहे.
त्यालाही कळत नसेल बहुधा,
ही कुणाला बोलावतेय.

तिनं पेन मागून घेतलं, खाडाखोड केली,
नीट लिहिलं: थॅडियस.
मग तेही खोडलं
आणि डेल्मरचा नंबर दिला.

मास्तर आले. दिव्याखाली तिचा जबडा उघडून
सहा पोरांना दाखवला,
"हे बघा, हाड कसं झिजलंय इथं."
तिला वाटलं होतं, लाज वाटेल.
वाटली नाही. वाकलेली सहा डोकी,
जेवणाच्या खिडकीशी यायची तशीच.
बघा पोरांनो, पोटभर बघा.

सुई टोचताना लँडनचा हात थरथरला.
तिनं त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
गरम ताट पोराच्या हाती देताना ठेवायची तशी.
पहिला निघाला.
दुसरा मध्येच मोडला, मुळाला वीस मिनिटं गेली.
तिसऱ्याला मास्तर म्हणाले, "हा राहू दे,
याच्याच आधारानं कवळी बसेल."

परतताना ओठ बधिर, तोंडात कापूस.
डेल्मर हिशेब करत होता:
दात नव्वद, पेट्रोल पंचावन्न, अजून पाच खेपा,
"म्हणजे पेट्रोलच कवळीच्या वर जायचं, व्हर्लीन."
बोलायची मनाई होती.
ती जिभेनं त्या एका दाताला
चाचपत राहिली, डोंगर सुरू होईपर्यंत.

पुढची तारीख नऊ ऑक्टोबर.
कार्ड फ्रिजवर, चुंबकाखाली.
तोवर मक्याचा पाव ताकात कुस्करून.

कापूस काढला तेव्हा घरात अंधार होता.
तिनं एकदा म्हणून पाहिलं.
वाराच.
बरं, म्हणाली. ऑक्टोबर.