जुळारी

तार्तू गावात, नदीकाठच्या छापखान्यात
मी तेहतीस वर्षं खिळे जुळवले.
दोघांचीही पुस्तकं माझ्याच बोटांतून गेली,
उलटी, आरशातल्यासारखी,
म्हणून सरळ अशी मला ती कळलीच नसावीत.

लेपिक म्हणायचे : काहीच जात नाही.
गोठलेल्या नदीवरून गेलेली घसरगाडीसुद्धा
वसंतातल्या पाण्याच्या कुठल्याशा वळणात असते.
सार्व म्हणायचे : सगळं जातं,
आणि जातं म्हणूनच
पाव शेजाऱ्याला आज द्यावा.
उद्या पाव शिळा, शेजारी कुणी भलताच.

लेपिकांचे विद्यार्थी न्यायाधीश झाले,
दप्तरखान्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.
सार्वांच्या दोन सुईणी झाल्या, एक पूल बांधायला गेला,
बाकीचे पीत राहिले.
कॉफीहाउसातली टेबलं वाटून घेतलेली.
एकदा हाणामारी झाली ती हॅटवरून,
वर्तमानपत्राने लिहिलं, तत्त्वावरून.

मला गंमत वाटायची ती शिशाची.
लेपिकांचं पुस्तक छापून झालं
की तेच खिळे सोडवून, धुऊन
त्यांतूनच सार्वांचं खंडन उभं राहायचं.
'मूर्खपणा'तला म
गेल्या आठवड्यात 'मुक्काम'मध्ये होता.

सार्व वारले तेव्हा
शेवटचं पुस्तक अर्धं जुळवून झालं होतं.
अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण.
बायकोला लागेना, विद्यार्थ्यांना लागेना.
मग एका सकाळी लेपिक आले,
बुटांवरचा बर्फ न झटकताच बसले
आणि घडाघडा वाचू लागले.
खोडून काढण्यासाठी का होईना,
चाळीस वर्षं हेच अक्षर वाचत आलेला माणूस.

शेवटच्या पानावर शाई फुटली होती.
'उरतं' असेल. 'सरतं' असेल.
'उरतं' म्हणाले असते
तर भांडण तिथेच मिटलं असतं, त्यांच्या बाजूने,
आणि साक्षीला कोण, तर मी.

त्यांनी कागद खिडकीशी धरला.
शेगडीतला कोळसा बसला तरी धरलेलाच.
मग चष्मा पुसत म्हणाले,
"स. स लाव."

मी स लावला.
उ आधीच माझ्या चिमटीत होता,
का कोण जाणे.
कप्प्यात परत टाकला
तर केवढा वाजला.