माया

नाव तर्री, पण आहे बोका.
पोह्यांवर सांडलेल्या रश्शाचा रंग, म्हणून तर्री.
नाव मुलाने ठेवलं. मुलगा पुण्याला गेला,
बोका राहिला सक्करदऱ्यात, दीड खोलीत,
माझ्या शिलाई मशीनखाली.

पायडल हललं की तो दबा धरायचा.
माझा घोटा म्हणजे त्याला उंदीर.
त्या लग्नसराईत बत्तीस ब्लाउज शिवले
आणि दोन्ही पायांवर हळद.

शेजारच्या ढेंगेबाई म्हणाल्या,
"पोत्यात घाल अन् सोडून दे कळमन्यात.
नाहीतर चप्पल दाखव.
मार खाल्ल्याबिना सुधरते का कोनी?"

चप्पल मी दाखवली. एकदाच.
पलंगाखाली गेला तो दोन दिवस बाहेर नाही,
आणि आला तेव्हा पायाला नाही, हाताला चावला.
चप्पल होती त्याच हाताला.

सेमिनरी हिल्सवर जनावरांच्या दवाखान्यात
डॉक्टर उरकुडे म्हणजे पंचवीसेक वर्षांची पोरगी.
आधी माझा हात साबणाने धुवायला लावला,
इंजेक्शन कुठे घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहिलं.
मग त्याचे दात पाहिले, पोट चाचपलं,
कुठे दुखतं का रे, हे विचारलं बोक्यालाच.
"ताई, हा दुष्ट नाही, रिकामा आहे.
आणि चावण्याआधी सांगतो तो. तुम्ही बघत नाही."

मी बघत नाही!
तीस वर्षं मापं घेतेय.
बाईचा खांदा बघून सांगते, घरी काय चाललंय.

घरी आले, टेप गळ्यात टाकली
आणि बसले बोक्याचं माप घ्यायला.
शेपटीचं टोक दोन बोटं हलतं.
पाठीची कातडी थरथरते, चुण्या पडाव्या तशी.
कान मागे, पाव इंच. अर्धा.
आणि डोळ्यातलं काळं
काजाएवढं असतं, ते बटणाएवढं होतं.
इथे हात काढून घ्यायचा.
ओरडायचं नाही. शिकवायचं तर काहीच नाही.
उठायचं, माठातलं पाणी प्यायचं.

सकाळी मशीनला बसण्याआधी
अस्तराच्या चिंध्यांची लांब दोरी.
पळव, लपव, उडव,
आणि शेवटी पकडू द्यायची.
जिंकू द्या त्याला, पोरगी म्हणाली होती.
मग वाटीत चार दाणे. मग झोप.

मे महिन्यात कूलरखाली ठिबकणारं पाणी प्यायला
एक राखाडी बोका येऊ लागला.
जाळीतून दिसला, आणि तर्री फुगून दुप्पट.
त्याच्यापर्यंत पोचता येईना, म्हणून वळला माझ्यावर.
मी हात उचलला नाही.
हिरवी चादर सोडली मधे, भिंतीसारखी,
दार ओढून घेतलं, आत अंधार राहू दिला.
दोन तास स्वयंपाकघरात घामाने निथळत बसले,
दारात नवरीची आई, ब्लाउज अर्धा.
"बोका रागावलाय," म्हटलं. "थांबा."
ती थांबली. काय करणार?

आता जाळीच्या खालच्या अर्ध्यावर जुनं कापड शिवून टाकलंय.
राखाड्याला पाणी मागच्या गल्लीत, फुटक्या माठाच्या बुडात.

मुलगा फोनवर विचारतो, "अजून चावतो?"
"चावतो. पण विचारून."

गिऱ्हाईक नवीन असलं की आतली शिवण उलटून बघतं,
एवढं कापड का दाबलं म्हणतं.
माया आहे ती, मी सांगते. ठेवावी लागते.
अंग काय एकसारखं राहतं का?

तो हातभर लांब, स्टुलावर.
माझ्याकडे बघत डोळे सावकाश मिटतो.
मीही मिटते, मशीन थांबवून.

तरी काल घोट्यावर एक रेघ ओढलीच.
लाल, बारीक, सरळ.
इतकी सरळ टीप मलासुद्धा येत नाही.